फोन खाली धरा

लॉकडाऊनमध्ये मी शेजारणीचं अंगण माझं म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि त्या अंगणाच्या जोरावर एक कुत्री घरी आणली.

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे आधी नकाशा काढतो. यवतमाळात एका घराच्या वरच्या मजल्यावर माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत प्लास्टिकची एक खुर्ची मावते. माणूस तिच्यात बसला की त्याचे गुडघे कठड्याबाहेर जातात. खाली कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे सिस्टरचं अंगण: कडुनिंब, जास्वंद, हापसा, कपडे धुवायचा काळा दगड. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. त्यांच्या हातची सुई लहानपणी खाल्लेली आणि आता नातवंडं असलेली माणसंसुद्धा अजून त्यांना पाहून रस्ता ओलांडतात. तर ते अंगण मी दाखवलं. दाखवलं कोणाला, हेच सांगायचं आहे.

ते एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि निवृत्त झाल्यावरही ते मास्तरच राहिले. कळंब रोडवर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी टाकून दिलेली कुत्री ठेवली होती. पाटी नव्हती. ‘निवारा’, ‘आश्रय’ वगैरे शब्द कोणी काढले की ते दुसरीकडे पाहायचे. त्या शेडला ते डेपो म्हणत. जे कुत्रं ज्या स्टॉपवर सापडलं तेच त्याचं नाव. त्यामुळे डेपोत कळंब आणि बाभुळगावचं पटत नसे आणि घाटंजी एकटीच जेवत असे. कुत्रं कोणाकडे थोड्या दिवसांसाठी दिलं तर ते ‘मुक्कामी’. कायमचं दिलं तर ‘शेवटचा स्टॉप’.

हे मुक्कामाचं त्यांच्या अंगातच मुरलेलं. संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाते, तिथेच थांबते आणि सकाळी परत निघते, ती मुक्कामी गाडी. मास्तरांची अर्धी नोकरी अशा गाड्यांवर गेली. गावातले लोक दारं लावून घेत. मास्तरांच्या पायाशी येऊन बसायला उरत ती गावातली कुत्री. “मानसं तिकिटापुरती वळख देतात,” ते म्हणायचे, “बाकीच्या टायमाले कुत्रे देतात.”

एवढं असून त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी कधी पाहिला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “लाड करायले दुनिया पडली हाय. माहं काम सीट देनं.”

ते काम त्यांनी माझ्यावरही केलं होतं. कॉलेजच्या दिवसांत मी राळेगावहून त्यांच्याच गाडीने यायचो. एकदा रस्त्यात त्यांनी बेल मारून गाडी थांबवली, खाली उतरून पोत्यात गुंडाळलेलं एक कुत्रं आत आणलं आणि भरलेल्या गाडीवर नजर फिरवली. नजर माझ्यावर थांबली.

“ऊठ.”

“मास्तर, माझ्याकडं पास आहे.”

“त्याचा पाय मोडला हाय. तुहा मोडला काय?”

“नाही.”

“मंग उभा राह्य.”

यवतमाळ येईपर्यंत ते कुत्रं माझ्या खिडकीतून नाक बाहेर काढून कपाशी पाहत होतं आणि मी एका म्हातारीच्या कोंबड्यांवर पाय पडू नये म्हणून एका पायावर उभा होतो. ह्या माणसाच्या हिशेबात आपली जागा कोणती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पास झालो तो भूगोलात.

मग तो आजार आला. पहिल्या आठवड्यातच कोणाच्या तरी मोबाइलवरून बातमी सुटली की कुत्र्यांमुळे पसरतो. ज्या घरांत लॅब्रॅडोरच्या वाढदिवसाला केक कापून फोटो टाकले जात, त्याच घरांनी तो लॅब्रॅडोर अंधार पडायच्या आत बायपासला सोडला, आणि संध्याकाळी गॅलरीत उभं राहून माणुसकीसाठी थाळ्याही वाजवल्या. डेपो भरला. त्याच वेळी हॉटेलं आणि मंगल कार्यालयं बंद झाली, म्हणजे उरलेला भात बंद झाला. मदतीला येणारी कॉलेजची पोरं गावी गेली. उरले मास्तर, त्यांची जुनी मोपेड आणि वीस-बावीस तोंडं. कुत्री घरोघरी पाठवण्याशिवाय इलाज नव्हता.

पण मास्तरांची रीत अशी की कुत्रं देण्याआधी ते त्या घरात जाऊन चहा पीत आणि चहा पिता पिता खाटेखाली पाहत. आता तर कोणी कोणाच्या उंबऱ्यावरही उभं राहू देईना. मोबाइलला आयुष्यभर शिव्या दिलेल्या त्या माणसाने मग मुलीकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला, आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम काढला.

“थोबाड नका दाखवू. फोन खाली धरा.”

घर पाहायचं ते कुत्र्याच्या उंचीवरून. गुडघ्याच्या खाली फोन धरून आख्खं घर फिरायचं. यवतमाळातली भलीभली माणसं त्या दिवसांत आपल्याच घरात वाकून, रांगून फिरली आहेत. एका बँकवाल्या साहेबांनी हौसेने फोन वर करून नव्या दिवाणखान्याचं छत दाखवलं. मास्तर म्हणाले, “छत कुत्रा कवा पायते? खाटेखाली काय हाय ते दाखवा.” खाटेखाली वजन करायचा काटा आणि धूळ होती. साहेब नापास.

एक बाई म्हणाल्या, मुलं घरात फार कंटाळली आहेत. “कॅरम घ्या,” मास्तर म्हणाले. एकाला पांढराच हवा होता. त्याला बगळा पाळायला सांगितलं. आणि एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला, आम्ही फार डॉग लव्हर आहोत हो. “मंग तं नाईच,” मास्तर म्हणाले, “लव्हर लोक सोडून जातात.”

कॉलवर ते सगळ्यात जास्त पाय पाहायचे. घरात कोण कसं चालतं, कोण काय लाथेने सरकवतं. “मास्क तोंडाले लागते,” ते म्हणायचे, “पायाले लागत नाई.”

आता मला कुत्रं कशाला हवं होतं? खरं सांगतो, नको होतं. मला दोरी हवी होती. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याचा मेहुणा पांढरं झिपरं कुत्रं घेऊन रोज चौकापर्यंत जाई, आणि ज्या पोलिसाने मला दूध आणताना दोन उठाबशा काढायला लावल्या होत्या तो त्याला हात करी. मी हिशेब केला. कुत्र्याच्या गळ्यातल्या दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात, त्याला चौक मोकळा. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या दुपारी घर दाखवा. अंगण हाय ना? मी म्हणालो, आहे की. ते काही अगदीच खोटं नव्हतं. अंगण होतं.

सिस्टर दुपारी जेवून पडतात. मी भिंत ओलांडली, गुडघ्यांवर बसलो आणि फोन जमिनीलगत धरून निघालो. वय चव्वेचाळीस. अंगावर ऑनलाइन तासाचा शर्ट, खाली बर्म्युडा.

“खाली,” फोनमधून मास्तर. “अजून खाली. कुत्रा हाय, उंट नाई.”

मी कोपरांवर आलो. कडुनिंब दाखवला, हापसा दाखवला. “हे आमचं जास्वंद,” असं म्हणत वळलो आणि कपडे धुवायच्या दगडावर अंगठा असा आपटला की “आई गं!” सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. दार उघडलं.

“काय हारपलं, सर?” सिस्टर.

“अंगठी,” मी म्हणालो.

“तुमी कवापासून अंगठी घालाले लागले?”

“नवीनच होती.”

सिस्टर पुटपुटत पायरी उतरल्या आणि शोधू लागल्या. पायरीखालच्या पोत्यावर एक मांजरी पसरली होती. “मेलीले झोपाले जागा इथंच भेटते,” त्या म्हणाल्या. लुगड्याचा काठ उचलून तिला वळसा घातला, आणि मग कडेकडेने पुढे आल्या. फोनमध्ये त्यांच्या भेगाळलेल्या टाचा तेवढ्या दिसत असाव्यात.

“ह्या कोन?” शेवटी हळूच आवाज आला.

मी फोनला तोंड लावलं. “मोठी बहीण.”

“बरं. पास.”

दुसऱ्या दिवशी मास्तर मोपेडवर आले. पुढे क्रेट, तोंडाला मास्क आणि त्यावर दुपट्टा. रस्त्याच्या पलीकडेच थांबले. बारा हात दोरीचं एक टोक कुत्रीच्या गळ्यात बांधलेलं. दुसरं त्यांनी काठीने माझ्याकडे ढकललं. मग खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, जुन्या चिमट्याने त्याला टक्‌ करून भोक पाडलं आणि गोट्याला गुंडाळून माझ्याकडे फेकला. ‘राळेगाव ते यवतमाळ. मुक्कामी.’ कुत्रीचं नाव राळेगाव. तपकिरी, मध्यमवयीन, एक कान फाटका; चेहरा सुपरवायझरच्या कामावर आलेल्या बाईसारखा.

“आयका!” ते पलीकडून ओरडले. मला सांगताना आख्खी गल्ली ऐकत होती. “हे दोनदा वापस आली. एका घरातून भुंकते म्हनून, दुसऱ्या घरातून भुंकत नाई म्हनून. तिसऱ्यांदा वापस आली तं मी कोनालेच देनार नाई. डेपोतच राहीन माह्यासंग. आन माहं वय सदुसष्ट हाय. माह्यामांगं तिले कोन पाईन, हे तुमी मले सांगजा!”

गेटजवळ उभ्या सिस्टरांनी हे सगळं ऐकलं. “आता हे एक घान करन,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याच संध्याकाळी मी दोरी घेऊन रुबाबात निघालो. राळेगाव डेअरीपर्यंत आली आणि बसली. ओढलं, गोंजारलं, बिस्किट दाखवलं. बसली ती बसलीच. बिस्किट खाल्लं आणि पुन्हा बसली. चौकातला पोलीस काठी टेकत आला. “सर,” तो म्हणाला, “कोन कोनाले फिरवून राह्यलं?” माझं स्वातंत्र्य चाळीस पावलांत आटोपलं. परत येताना ती मात्र तुरुतुरु चालत होती.

तिला हाक मारणं हा आणखी एक उद्योग. एका सकाळी मी गॅलरीतून ओरडत होतो, “राळेगाव! ए राळेगाव! चल, चल!” रस्त्याने डोक्यावर गाठोडी घेतलेली चार माणसं चालली होती, कुठल्या तरी कामावरून गावाकडे पायी निघालेली. पुढचा थबकला, वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला आजही आठवायला नको वाटतं. “गाडी कवा सुटते, साहेब?” त्याने विचारलं.

मी काय केलं? मी खोलीत गेलो आणि दार लावलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर सिस्टर पोळ्यांचा डबा आणि पाण्याची कळशी घेऊन गेटवर उभ्या होत्या, आणि राळेगाव त्यांच्या पायाशी बसून एकेका माणसाकडे पाहत होती. मी दोरी पाहत होतो.

मास्तरांचं चेकिंग हा खरा जाच होता. मुक्कामी कुत्र्याच्या घरी ते केव्हाही फोन करायचे. सकाळी दात घासताना, दुपारी तास चालू असताना. पहिलं वाक्य तेच: “फोन खाली धरा.” आणि माझं अंगण भिंतीपलीकडे! रिंग वाजली की मी कुत्री काखेत मारून जिना उतरायचो, भिंत ओलांडायचो, कडुनिंबाखाली धापा टाकत बसायचो आणि मग उचलायचो. एकदा अकरावीचा तास चालू ठेवून उडी मारली. मान्सूनचे वारे समजावून सांगणाऱ्या माझ्या आवाजाच्या मागे “हे लेकाचे पुन्हा आले!” हा सिस्टरांचा आवाज साठ मुलांनी ऐकला.

आठ-दहा वेळा हे झाल्यावर राळेगावने त्यातला अर्थ काढला. रिंग वाजली की अंगणात जायचं. मी उठायच्या आत ती जिन्यात असायची. मग कोणाचाही फोन येवो, गॅसवाल्याचा असो की माझ्या मामाचा, ती भिंतीवरून पलीकडे. आणि त्या दिवसांत घरात बसून सगळे सगळ्यांना फोन करत होते. म्हणजे कुत्री दिवसभर तिकडेच.

मला हे माझ्या शिस्तीचं फळ वाटलं. सिस्टर रोज तक्रार करत, “तुमच्या कुत्रीनं जास्वंदीखाली उकरलं,” आणि मी रोज माफी मागत होतो. त्यांच्या पायरीजवळ एक जर्मनची थाळी आली, ती मी पाहिली. मग मांजरीच्या पोत्याशेजारी दुसरं पोतं आलं. तेही पाहिलं. उन्हाळ्यातला कडुनिंब कोणत्या दिशेला सावली टाकतो हे मी फळ्यावर काढून दाखवू शकतो, पण त्या सावलीत कोण झोपलंय यावर माझा अभ्यास नव्हता.

मग कॉलेज उघडलं, बस सुरू झाल्या, आणि चौकात जायला दोरीची गरज उरली नाही. इथे आपण स्वतःला फसवू नये. मी मास्तरांना फोन करायचं ठरवलं. वाक्यं पाठ केली: वेळ मिळत नाही, तिच्यावर अन्याय होतो, तिच्या भल्यासाठीच. ‘तिच्या भल्यासाठी’ वर जरा थांबायचं, असंही ठरवलं. तिसऱ्यांदा परत म्हणजे काय, ते मला माहीत होतं. शेडमधली ती थंड फरशी, सदुसष्ट आता अडुसष्ट झालेलं वय, आणि पुढचं कोणी न सांगितलेलं. तरी फोन केला.

“कोनती तक्रार हाय?” मास्तर म्हणाले. “भुंकते, का भुंकत नाई?”

“तसं नाही, मास्तर. तिच्या भल्यासाठी…” मी थांबलो.

“येतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोपेड दारात लागली. पुढे रिकामा क्रेट. त्याच क्षणी माझा फोन वाजला आणि राळेगाव सवयीने भिंत ओलांडून निघून गेली. लपायला काही उरलंच नाही.

“मास्तर,” मी म्हणालो, “एक सांगायचं आहे. ते अंगण माझं नाही.”

“माहीत हाय.”

“कधीपासून?”

“पह्यल्याच दिवशी. तुमी त्या दगडाले ठेचकाळले, ते आयकलं ना मी. आपल्या घरच्या दगडाले कोनी ठेचकाळते काय? बारा वर्सं एका घरात राह्यलेला मानूस डोये झाकून हापशापावतर जाते.”

भिंतीपलीकडून सिस्टर आल्या. हातात ट्रे, ट्रेवर चहा. कप दोनच. मास्तरांनी माझ्या बाजूने वळसा घेऊन त्यांचं फाटक उघडलं, पायरीवर बसले आणि थाळी, पोतं, पाण्याचं घमेलं एकेक करून पाहिलं. राळेगाव सिस्टरांच्या टाचांवर हनुवटी ठेवून पडली होती. क्रेटकडे तिने एकदा पाहिलं आणि पाय आणखी आत ओढून घेतले.

“नेता काय हिले?” सिस्टरांनी विचारलं. ज्या आवाजाने आख्खी गल्ली दंड पुढे करायची, तो आवाज जरासा कापला. “न्याचं असन तं आत्ताच न्या. मंग मले नका सांगू.”

मास्तर खिशात हात घालून काही शोधत होते. पुठ्ठ्याचा एक मळलेला, कडा झडलेला तुकडा बाहेर आला. शाई फिकी पडली होती, तरी भिंतीपलीकडून मला वाचता आलं. ‘शेवटचा स्टॉप’, आणि खाली सिस्टरांचं नाव. तुकड्याला भोक नव्हतं. त्यांनी चिमटा काढला, टक्‌ केलं आणि तो तुकडा चहाच्या बशीत ठेवला.

सिस्टर म्हणाल्या, “साखर कमी पडली असन,” आणि घाईने आत गेल्या. कप अजून तोंडालाही लागला नव्हता.

मी भिंतीवर कोपरं टेकून उभा. “मास्तर, हे तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलं होतं?”

“त्याइचा आवाज यवतमाळात कोन वळखत नाई? त्या मांजरीले वळसा घातला त्याच दिवशी लिवलं. पन त्याइले तवाच इचारलं असतं तं नाई म्हनल्या असत्या. गाडी तवरोक कोनाच्या तरी दारात उभी करा लागते.”

“आणि मी मधेच काही वेडंवाकडं केलं असतं तर?”

“भेव एकच होतं,” मास्तर चहा फुंकत म्हणाले. “तुमी खरंच चांगले निघान आन कुत्री तुमालेच राहून जाईन.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. निदान एवढं तरी पदरात घ्यावं म्हणून म्हणालो, “काही म्हणा मास्तर, पण त्या दिवशी पास तर मी झालो होतो ना?”

मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“अंगन पास झालं होतं, सर. त्या बाईचे पाय पास झाले होते. तुमी निस्ता मोबाइल धरून होते.”